भरली गाडी उतारावर

छत्तीसगडच्या दंतेवाडा जिल्ह्यात, आपल्या गडचिरोलीच्या पलीकडे, एक लांबलचक डोंगररांग आहे. दुरून तिचा माथा बैलाच्या वशिंडासारखा दिसतो म्हणून तिचे नाव बैलाडिला. या वशिंडात उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे. १९६० साली भारत आणि जपान यांच्यात करार झाला, त्यानुसार बैलाडिल्यातून दरवर्षी चाळीस लाख टन खनिज जपानच्या पोलाद कारखान्यांना पाठवायचे ठरले. जहाजे लागणार विशाखापट्टणमला, आणि खाण व बंदर यांच्या मध्ये पूर्व घाट आडवा. म्हणून कोत्तवलसा ते किरंदुल हा सुमारे ४४५ किलोमीटरचा रेल्वेमार्ग बांधला गेला आणि १९६६ ते १९६८ या काळात तो टप्प्याटप्प्याने सुरू झाला. मार्गावर ५८ बोगदे आहेत, आणि शिमिलीगुडा या स्थानकापाशी रूळ समुद्रसपाटीपासून ९९६ मीटर उंचीवर पोचतात. भारतातल्या रुंदमापी रेल्वेत इतके उंच स्थानक पुढे कितीतरी वर्षे दुसरे नव्हते.

खनिजाची मालगाडी पाहिली तर पहिल्यांदा एक गोष्ट खटकते. वाघिणी अर्ध्या रिकाम्या दिसतात. कोळशाची वाघीण काठोकाठ भरलेली असते. लोहखनिजाचा मात्र तळाशी निम्म्याहून कमी उंचीचा ढीग असतो. कुणाला वाटेल, भरणाऱ्याने कामचुकारपणा केला. तसे नाही. खनिजाची घनता इतकी आहे की तेवढ्यातच वाघिणीची वजनमर्यादा संपते. नेहमीच्या बॉक्स-एन वाघिणीचे स्वतःचे वजन सुमारे साडेबावीस टन आणि भरल्यावर एकूण सुमारे ८१ टन. अशा पन्नास वाघिणी म्हटल्या की चार हजार टनांवर गाडी झाली.

आता वर्गात विचारण्याजोगा प्रश्न असा. ही चार हजार टनांची गाडी घाट चढवणे कठीण की उतरवणे? मुले एकमुखाने ‘चढवणे’ म्हणतील. मोठी माणसेही म्हणतील. कर्जतहून खंडाळ्याकडे जाणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिने लावलेली आपण सर्वांनी पाहिली आहेत, तेव्हा चढाचे कष्ट डोळ्यांना दिसतात. पण चढावर इंजिन कमी पडले तर काय होते? गाडी थांबते. उशीर होतो, प्रवासी कुरकुरतात, दुसरे इंजिन येते. उतारावर ब्रेक कमी पडला तर गाडी थांबत नाही, आणि मग करण्यासारखे फारसे काही उरत नाही. खाणी बहुधा डोंगरात असतात आणि बंदरे समुद्रकाठी. म्हणजे खनिजाच्या गाडीचा खरा प्रवास भरलेली उतरायची आणि रिकामी चढायची असाच असतो. म्हणून अशा मार्गांचा इतिहास हा मोठ्या प्रमाणात ब्रेकचाच इतिहास आहे.

थोडा हिशेब करू. चार हजार टनांची गाडी ९०० मीटर खाली आणायची आहे. वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची हे सूत्र नववीतल्या मुलांना माहीत असते. उत्तर येते सुमारे साडेतीन हजार कोटी ज्यूल. विजेच्या भाषेत जवळपास ९,८०० युनिट. एवढी स्थितिज ऊर्जा डोंगरमाथ्यावर गाडीत साठलेली आहे आणि पायथ्याशी ती शून्यावर यायची आहे. गाडीचा वेग वाढू द्यायचा नाही, तेव्हा तिचे गतिज ऊर्जेत रूपांतर होऊ देता येत नाही. मग ती जाणार कुठे? केवळ घासणाऱ्या ब्रेकनेच गाडी उतरवली, तर जवळजवळ सगळी ऊर्जा चाके आणि ब्रेकचे ठोकळे यांच्यात उष्णता होऊन बाहेर पडेल. या उष्णतेने साध्या तापमानाचे सुमारे एक लाख बारा हजार लिटर पाणी उकळीला आणता येईल. दहा हजार लिटरचे अकरा टँकर.

उतार साठास एक असेल, म्हणजे साठ मीटर चालीमागे एक मीटर खाली, आणि गाडी ताशी ३० किलोमीटरने उतरत असेल, तर दर सेकंदाला सुमारे ५४ लाख ज्यूल ऊर्जा काढून घ्यावी लागते. घरातले दोन किलोवॉटचे २,७०० गीझर एकदम चालू केल्यासारखे हे आहे. चाकांचा विरोध आणि वारा यातला थोडासाच वाटा उचलतात. पोलादी चाक पोलादी रुळावर इतके सुरेख गडगडते की एक टन वजन सपाटीवर चालते ठेवायला दोन-तीन किलो वजनाइतकी ओढ पुरते. साठास एकच्या उतारावर मात्र दर टनाला जवळपास सतरा किलो वजनाइतकी ओढ खालच्या बाजूला असते. ज्या गुणामुळे रेल्वे सपाटीवर स्वस्त पडते तोच गुण घाटात अंगावर येतो.

उतारावरून माल आपोआप खाली येऊ द्यावा, ही युक्ती रेल्वेइंजिनापेक्षाही जुनी आहे. इंग्लंड आणि वेल्सच्या खाणींत उतरणीवर दोन रूळजोड्या घालत. माथ्यावर एक मोठे चाक असे आणि त्यावरून दोर. दोराच्या एका टोकाला भरलेल्या डब्या, दुसऱ्या टोकाला रिकाम्या. भरलेल्या खाली येताना रिकाम्यांना वर ओढून नेत. इंजिन नाही, घोडा नाही, फक्त चाकाला एक ब्रेक आणि तो धरणारा माणूस. विहिरीवर एकाच कप्पीला दोन बादल्या बांधतात तसेच हे. ही दोराची गोष्ट लक्षात ठेवू, कारण ती पुढे वेगळ्या रूपात परत येणार आहे.

वेल्समध्येच १८३६ साली फेस्टिनिओग रेल्वे सुरू झाली. तिच्यावर वाहायचे ते खनिज म्हणजे पाटीचा दगड, ज्याची छपरे होत आणि आपल्या शाळेतल्या जुन्या दगडी पाट्याही ज्या जातीच्या दगडाच्या होत, तोच. खाणी डोंगरात, बंदर सुमारे २१ किलोमीटरवर खाली. मार्ग आखताना अशी काळजी घेतली होती की सगळा रस्ता खालीच उतरत जाईल. भरलेल्या डब्यांची गाडी इंजिनाशिवाय सोडून द्यायची. डब्यांवर ब्रेकवाले बसत आणि हाताने ब्रेक कमीजास्त करीत. रिकामे डबे घोडे वर ओढून नेत, आणि उतरताना हेच घोडे गाडीला जोडलेल्या एका खास डब्यात उभे राहून चारा खात खाली येत. रोज फुकटचा रेल्वेप्रवास करणारे घोडे जगात दुसरीकडे किती असतील कोण जाणे! १८६३ मध्ये तेथे वाफेची इंजिने आली, पण ती रिकामे डबे चढवायला. भरलेले दगड त्यानंतरही सत्तरहून अधिक वर्षे आपल्याच वजनाने उतरत राहिले.

लहान डबे आणि हलका उतार होता तोवर हे जमले. गाड्या लांबल्या आणि डोंगर मोठे झाले तसे हातब्रेकवाल्यांचे काम जीवघेणे बनले. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात मालडब्यांच्या टपावर ब्रेकचे चाक असे. ड्रायव्हरने शिट्टी दिली की ब्रेकवाले टपावरून धावत एकेका डब्याचे चाक पिळत जात. गाडी हलते आहे, दोन डब्यांच्या मधली फट उडी मारून ओलांडायची आहे, हिवाळ्यात टपावर बर्फ आहे. घाटात एका वेळी अनेक डब्यांचे ब्रेक हवेत आणि माणसे दोन किंवा तीन. किती जण पडून मेले आणि किती जणांचे हातपाय गेले याची दखलही नीट घेतली जात नसे. एक ब्रेकवाला गेला की दुसरा मिळतो, असा कंपन्यांचा सरळ हिशेब होता.

जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ साली हवेच्या ब्रेकचे पहिले पेटंट घेतले तेव्हा तो २२ वर्षांचा होता. इंजिनावर पंपाने हवा दाबून भरायची आणि नळीतून ती सगळ्या डब्यांखालच्या सिलिंडरांत सोडायची. हवेने दट्ट्या ढकलला की ब्रेकचे ठोकळे चाकांवर दाबले जातात. आता टपावर धावायला नको. कल्पना चांगली होती, पण तिच्यात एक भयंकर उणीव राहिली होती. नळी फुटली किंवा गाडी मध्येच तुटली तर हवा बाहेर जाणार आणि नेमक्या गरजेच्या वेळी एकाही डब्याला ब्रेक लागणार नाही.

तीन वर्षांनी, १८७२ मध्ये, त्याने ही रचना उलटी केली. आमच्या मते तंत्रविद्येच्या इतिहासातली ही फार मोठी उलटापालट आहे आणि पाठ्यपुस्तकांत तिला जागा मिळायला हवी. नव्या रचनेत प्रत्येक डब्याखाली हवेची एक टाकी बसवली. मुख्य नळीत नेहमी दाब राखायचा. या दाबानेच टाक्या भरतात, आणि तो आहे तोवर ब्रेक सुटलेले राहतात. नळीतला दाब कमी झाला की डब्याखालची झडप ते ओळखते आणि टाकीतली हवा ब्रेकच्या सिलिंडरात सोडते. म्हणजे ड्रायव्हर ब्रेक लावताना हवा भरत नाही, तर नळीतली हवा सोडतो. नळी फुटली तर? दाब जातो, ब्रेक लागतात. गाडी तुटली तर? दोन्ही तुकड्यांना ब्रेक लागतात. बिघाड झाला की गाडीने आपणहून थांबले पाहिजे, हे तत्त्व त्या झडपेत पक्के बसवले होते.

तरी मालगाड्यांवर तो लगेच आला नाही. १८८६ आणि १८८७ मध्ये अमेरिकेतल्या बर्लिंग्टन येथे पन्नास डब्यांच्या गाड्यांवर चाचण्या झाल्या, तेव्हा नवाच दोष दिसला. दाब कमी झाल्याची खबर नळीतून मागच्या डब्यापर्यंत पोचायला वेळ लागे. पुढचे डबे थांबू लागत आणि मागचे त्यांच्यावर येऊन आदळत. वेस्टिंगहाउसने झडप सुधारली. प्रत्येक डब्याची झडप आपल्यापाशीही थोडी हवा बाहेर सोडू लागली, त्यामुळे ही खबर झपाट्याने पुढे सरकू लागली. १८९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने असे ब्रेक आणि आपोआप जोडले जाणारे सांधे कायद्याने बंधनकारक केले. शोध आणि सक्ती यांच्यामध्ये वीस वर्षे गेली, आणि ती टपावरच्या माणसांच्या जिवावर गेली.

आपल्याकडे मालगाड्यांना बराच काळ निर्वात ब्रेक होते. तत्त्व तसेच, फक्त नळीत दाबाऐवजी निर्वात राखायचा आणि बाहेरची हवा आत शिरली की ब्रेक लागायचे. पण वातावरणाचा दाब एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो. कितीही चांगला पंप लावा, त्याहून अधिक जोर मिळत नाही. दाबलेल्या हवेच्या नळीत पाच किलोचा दाब ठेवता येतो. म्हणून १९८० नंतर आलेल्या जड वाघिणींना हवेचे ब्रेक दिले गेले.

हवेच्या ब्रेकलाही घाटात एक दुखणे असतेच. लांब उतारावर ड्रायव्हर ब्रेक लावतो, वेग फार उतरला की सोडतो, पुन्हा लावतो. दर वेळी डब्याखालच्या टाक्यांतली हवा खर्च होते आणि ती पुन्हा भरायला वेळ लागतो. घाईघाईने लावसोड केली तर टाक्या रित्या होत जातात, आणि शेवटी मूठ फिरवली तरी ब्रेकमध्ये जोर नसतो. शिवाय ठोकळे आणि चाके अति तापली की त्यांची पकड ढिली पडते. खंडाळ्याहून उतरणाऱ्या गाड्या मंकी हिलसारख्या ठिकाणी रानात का थांबतात, असे प्रवाशांना वाटते. ब्रेक गाडीला खरोखर थोपवून धरतात याची तेथे खात्री पटवायची असते. न थांबणाऱ्या गाडीसाठी बाजूला चढावर जाणारा फाटा काढून ठेवलेला असतो.

मग सगळी ऊर्जा ठोकळ्यांवर जाळण्याऐवजी दुसरीकडे वळवता आली तर? विजेच्या इंजिनाने हे साधले. इंजिनाची मोटर वीज घेऊन चाक फिरवते. उतारावर चाकच मोटर फिरवू लागले तर तीच मोटर जनित्र होते आणि वीज निर्माण करताना चाकाला विरोध करते. सायकलचा डायनॅमो चाकाला टेकवला की पायडल जड होते, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना अधिक सांगायला नको. तयार झालेली वीज इंजिनावरच्या रोधकांत जाळून टाकता येते, किंवा तारेत परत देता येते. तारेत परत देण्याची सोय भोर घाटात फार लवकर आली. १९२९-३० मध्ये कल्याण ते पुणे मार्गावर वीज आली, तेव्हा मालगाड्यांसाठी स्विस धर्तीची लांब नाकाडाची इंजिने आणली होती. रेल्वेतली मंडळी त्यांना ‘खेकडा’ म्हणत. उतरणारा खेकडा तारेत वीज सोडी.

खनिजवाहतुकीत या कल्पनेचा सर्वांत सुंदर नमुना स्वीडन आणि नॉर्वे यांच्या सीमेवर पाहायला मिळतो. आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला किरुना येथे लोखंडाची प्रचंड खाण आहे. स्वीडनचे लुलेओ बंदर हिवाळ्यात गोठते. नॉर्वेचे नार्विक मात्र अटलांटिकमधल्या उबदार प्रवाहामुळे वर्षभर खुले. म्हणून डोंगर ओलांडून नार्विकला रेल्वे नेली. १९०२ मध्ये रूळ पूर्ण झाले, १९०३ मध्ये राजा ऑस्कर दुसरा याच्या हस्ते उद्‌घाटन झाले. याच खनिजावर डोळा ठेवून १९४० मध्ये नार्विकसाठी युद्ध पेटले. कोळसा दुरून आणावा लागे, पाणी मात्र जवळच पडत होते. पोर्जुस येथे जलविद्युत केंद्र उभारून १९१५ मध्ये किरुना ते सीमा हा भाग विजेवर आणला, आणि नॉर्वेचा भाग १९२३ मध्ये. या कामात सीमेन्सबरोबर स्वीडनची आसेआ ही कंपनी होती.

सीमेपाशी रूळ पाचशे मीटरांहून अधिक उंचीवर आहेत आणि तेथून नार्विकचा धक्का जेमतेम ४२-४३ किलोमीटरवर. २००० सालापासून आलेल्या इंजिनांची जोडी ६८ वाघिणींची, आठ हजार टनांहून अधिक वजनाची गाडी घेऊन उतरते. उतरताना ती जी वीज तारेत परत देते, तेवढ्यावर रिकाम्या गाड्या पुन्हा सीमेपर्यंत चढू शकतात. यात चमत्कार नाही, वजाबाकी आहे. आपल्याच वाघिणीचे आकडे घ्या. भरलेली ८१ टन, रिकामी साडेबावीस. भरलेल्या एका गाडीच्या उतरणीत कागदावर तीन रिकाम्या गाड्या चढवण्याइतकी ऊर्जा असते. वाटेत कितीही गळती झाली तरी एकीपुरती उरते. वेल्समधला तो दोर आठवतो ना? त्याच्या जागी विजेची तार आली, एवढाच फरक.

बैलाडिल्याच्या मार्गावर वीज आली ती १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. घाटासाठी अधिक दमदार इंजिने हवीत म्हणून १९८७-८८ च्या सुमारास परदेशातून सहा हजार अश्वशक्तीची इंजिने मागवली. त्यांतली सहा आसेआची, म्हणजे १९१५ मध्ये किरुनात काम करणाऱ्या कंपनीचीच, आणि बारा जपानच्या हिताचीची. जपानला जाणारे खनिज जपानी इंजिने ओढू लागली! ही अठराही इंजिने आता सेवेतून निवृत्त झाली आहेत.

विजेच्या ब्रेकने काम हलके झाले, पण एक गोष्ट विसरून चालत नाही. हा ब्रेक फक्त इंजिनाच्या चाकांवर चालतो आणि गाडी उभी राहिली की तो नाहीसा होतो. फिरणारे चाकच नसेल तर जनित्र कसले? म्हणून घाटात गाडी किती जड असावी हे ठरवताना दोन्ही ब्रेकांची बेरीज धरतात. बेरजेतला एखादा आकडा चुकला तर काय होते, ते १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात दिसले.

मोहावी वाळवंटाकडून ट्रोना नावाच्या खनिजाची गाडी लॉस एंजेलिसच्या बंदराकडे निघाली होती. ट्रोनापासून धुण्याचा सोडा करतात. ६९ वाघिणी. खनिज पाठवणाऱ्याने कागदावर वजन लिहिलेले नव्हते, तेव्हा कारकुनाने नजरअंदाजाने वाघिणीला ६० टन धरले. प्रत्यक्षात प्रत्येकीत सुमारे १०० टन होते. कागदावर गाडी झाली सुमारे ६,१५० अमेरिकी टनांची, खरी होती सुमारे ८,९०० टनांची. वाघिणी पाहून ते कळण्यासारखे नव्हते. गाडीवरच्या लोकांना आणखी एक गोष्ट ठाऊक नव्हती. काही इंजिनांचे विजेचे ब्रेक चालत नव्हते. १२ मे १९८९ च्या सकाळी कहोन खिंडीच्या उतारावर, दर शंभर फुटांस सव्वादोन फुटांच्या आसपासच्या उतरणीवर, ड्रायव्हर ब्रेक वाढवत गेला आणि वेगही वाढत गेला. मागच्या मदतीच्या इंजिनावरच्या ड्रायव्हरने शेवटी आणीबाणीचा ब्रेक मारला. त्याने योग्यच केले असे कुणालाही वाटेल. पण त्या इंजिनांच्या रचनेनुसार आणीबाणीचा ब्रेक लागला की विजेचा ब्रेक आपोआप सुटे, आणि हवेचे ब्रेक तर तापून आधीच निकामी होत आले होते. गाडी ताशी १७० किलोमीटरच्या पुढे गेली आणि सॅन बर्नार्डिनो गावातल्या वळणावर रूळ सोडून रस्त्यावरच्या घरांत घुसली. गाडीवरचे दोन कर्मचारी आणि घरातली दोन मुले मेली. मलबा उपसल्यानंतर, तेरा दिवसांनी, तेथेच जमिनीखालून जाणारी पेट्रोलची नळी फुटून आग लागली, तीत आणखी दोघे गेले. स्थितिज ऊर्जेच्या सूत्रातले पहिलेच अक्षर, वस्तुमान, कागदावर चुकले होते. ‘एकक आणि आकडा तपासून पाहा’ असे आपण वहीवर लाल शाईने लिहितो तेव्हा मुलांना तो गुणांचा प्रश्न वाटतो.

दुसरी घटना वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या पिलबरा भागातली. येथे खाण कंपन्यांच्या स्वतःच्या रेल्वे आहेत आणि गाड्यांची लांबी ऐकून विश्वास बसत नाही. २१ जून २००१ रोजी बीएचपी कंपनीने मुद्दाम चालवून दाखवलेल्या एका गाडीत ६८२ वाघिणी होत्या, लांबी सात किलोमीटरहून अधिक. एवढ्या लांबीला हवेच्या नळीतली खबर फारच सावकाश पोचते. म्हणून रोजच्या गाड्यांना विजेच्या तारेने एकदम हुकूम देणारे ब्रेक बसवले. ५ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे चार इंजिने आणि २६८ भरलेल्या वाघिणींची गाडी वाटेत आपोआप थांबली, कारण ती तारच दोन डब्यांच्या मध्ये सुटली होती. येथवर सारे वेस्टिंगहाउसच्या शिकवणीप्रमाणे झाले. बिघाड झाला, ब्रेक लागले. ड्रायव्हर तपासायला आणि हातब्रेक लावायला खाली उतरला. उतरण्यापूर्वी हवेचा आणीबाणीचा ब्रेकही लावून ठेवावा असा नियम होता. तो लावला गेला नाही.

पण त्या विजेच्या ब्रेकांच्या रचनेत एक तजवीज होती. तारेचा संपर्क तुटून एक तास झाला की डब्यांवरच्या बॅटऱ्या वाचवण्यासाठी ब्रेक आपोआप सुटत. तास भरला. ब्रेक सुटले. मदतीला आलेल्या लोकांनी दुसऱ्या टोकाचे हातब्रेक लावायला घेतले होते खरे, पण ते शेजारच्या रुळावर उभ्या असलेल्या दुसऱ्याच गाडीचे. पाठीमागे कुणीही नसलेली ती गाडी सुमारे ९२ किलोमीटर धावली, तिचा वेग १६२ किलोमीटरवर गेला, आणि शेवटी दीड हजार किलोमीटरवरच्या पर्थ शहरातल्या नियंत्रण कक्षातून सांधे बदलून ती मुद्दाम रुळांवरून उतरवावी लागली. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. १८७२ मध्ये झडपेत पक्के बसवलेले तत्त्व, दीडशे वर्षांनी बॅटरी वाचवण्याच्या एका कलमाने निसटले. ते कलम लिहिणारा माणूस निष्काळजी असेल असे आम्हाला वाटत नाही. तो बॅटरीचा विचार करत होता, उताराचा करत नव्हता.

हे परदेशात घडते असे समजायचे कारण नाही. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी जम्मूतल्या कठुआ स्थानकात खडीने भरलेली ५३ वाघिणींची गाडी उभी होती. खनिज नसले तरी दगडच. ड्रायव्हर उतरला होता, हातब्रेक लावलेले नव्हते, आणि स्थानकापुढचा उतार पंजाबकडे जाणारा. गाडी आपणहून निघाली आणि माणसाशिवाय सत्तर किलोमीटरहून अधिक धावली. वाटेतली फाटके बंद करून, रूळ मोकळे करून तिला पुढे जाऊ दिले. होशियारपूर जिल्ह्यात उंची बस्सी येथे चढ लागून वेग उतरला, तेव्हा रुळांवर वाळूच्या गोण्या आणि लाकडाचे ओंडके टाकून तिला थांबवले.